लाइट येते, पंप घरघरतो, पण टाकीत पाणी चढत नाही

घरच्या मत्स्यटाकीबद्दल सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार ही: "पंप चालू आहे, आवाज येतोय, पण पाणी वर येत नाही." ती येते लाइट जाऊन आल्यावर. लाइट जाईपर्यंत सगळं नीट चाललेलं असतं. मग कुणीतरी पंप बाहेर काढून हलवतं, पाण्यात तिरका धरतं, चार बुडबुडे निघतात आणि पाणी परत चढायला लागतं. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच. शेवटी कंटाळून नवा पंप आणला जातो आणि थोड्या दिवसांत नवाही तसाच वागायला लागतो.

या तक्रारीत पंप क्वचितच बिघडलेला असतो. दोष असतो पाइपांच्या मांडणीत. पंप चालू असताना पाणी कुठून कुठे जाईल याचा विचार सगळेच करतात. पण लाइट गेल्यावर पाइपातलं पाणी कुठे जाणार, त्याच्या जागी हवा कुठून शिरणार आणि लाइट आल्यावर ती हवा बाहेर कशी पडणार, हे प्लंबिंग करताना बघितलं जात नाही. सोलापुरात तर ते आधी बघायला हवं. वळवाचं वारं सुटलं की लाइट जाते, आणि वळीव येतो तो नेमका उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना. २५ अंश तापमानाला लिटरभर पाण्यात साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला राहू शकतो, ३२ अंशाला सव्वासात. गरम पाण्यात माशांना ऑक्सिजन जास्त लागतो आणि मिळतो कमी. अशा दिवसांत लाइट आल्यावरही फिल्टर बंदच राहिला आणि घरात कुणी नसलं, तर संध्याकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेताना दिसतात. नशीब चांगलं असेल तर.

खाली जे लिहिलंय ते वर काचेची टाकी, स्टँडच्या कप्प्यात खालची टाकी म्हणजे सम्प, आणि सम्पमध्ये बुडालेला पंप अशा मांडणीसाठी आहे. पंप सम्पमधलं पाणी रिटर्न पाइपाने वर चढवतो आणि वरचं जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या कप्प्यातून परत सम्पमध्ये पडतं. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरचं शेवटी सांगतो.

आधी बादलीत बघा

काहीही विकत घेण्याआधी एक तपासणी करा. प्लग काढा, पंप पाइपापासून सोडवा, पाण्याने भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवा, बुडबुडे निघून जाऊ द्या आणि मग लाइट द्या. पाणी जोरात उसळलं तर पंप ठणठणीत आहे, दोष पाइपात. नुसती घरघर झाली तर दोष पंपाच्या पंख्यात, म्हणजे इम्पेलरमध्ये. आवाजच नसेल तर कॉइल गेली असेल किंवा वायर तुटली असेल. कॉइल गेली असेल तर पंप टाकून द्या. सोलापूर यंत्रमागाचं गाव, मोटार रिवाइंड करणारे भरपूर, त्यामुळे लोक हा पंपही तिकडे घेऊन जातात. पण या पंपाची कॉइल रेझिनमध्ये ओतून बंद केलेली असते, ती उघडता येत नाही. आणि वायरला कुठे चीर दिसली तर टेप लावून तो पंप पुन्हा पाण्यात सोडू नका. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच असावा, आणि पंपाची वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर घ्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खाली गळतं.

ही बादलीची तपासणी करायला पंप सहज सुटायला हवा. म्हणून पंपाच्या डोक्यावर युनियन, म्हणजे आटे फिरवून सुटणारा जोड लावून घ्या. पुष्कळ ठिकाणी पंपाच्या तोंडाला पाइप सॉल्व्हंट सिमेंटने कायमचा चिकटवलेला असतो, मग पंप साफ करायचा म्हटलं तरी पाइप कापावा लागतो आणि साफसफाई वर्षानुवर्षं होतच नाही.

एनआरव्हीमुळे होणारा घोटाळा

जुळे सोलापुरातल्या एका मित्राकडे चार फुटी टाकी आहे. टाकी बसवल्यावर पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा वरचं पाणी पाइपातून उलटं खाली आलं आणि सम्प भरून फरशीवर पाणी झालं. प्लंबर आला, बघितलं आणि म्हणाला, "मालक, एनआरव्ही टाकून देतो, थेंबभर पाणी खाली येणार नाही." घराच्या बोअरच्या लाइनला हा इलाज योग्यच आहे, त्याला तीच सवय. पंपाच्या वर फूटभर अंतरावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (एनआरव्ही), म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसला, फरशी कोरडी राहिली. आणि तेव्हापासून लाइट आली की पंप घरघरायचा, पाणी चढायचं नाही. मित्राची आई मला म्हणाली, "लाइट आली की आधी टाकीकडं पळते मी, मग बाकीचं बघते." पंप दोनदा बदलून झाले होते.

घडत होतं ते असं. लाइट गेली की व्हॉल्व्हचं पातं बंद व्हायचं आणि वरच्या पाइपात मीटरभर उंचीचं पाणी अडकून राहायचं. सम्पमध्ये वरून पडणाऱ्या पाण्याबरोबर बारीक बुडबुडे येत असतात, पंप चालू असेपर्यंत ते प्रवाहाबरोबर वर निघून जातात. पंप थांबला की पाइपातले आणि पंपाच्या पोटातले बुडबुडे वर चढतात आणि बंद पात्याखाली अडकतात. त्यात उन्हाळ्यात सम्पची पातळी उतरलेली असली तर पंपाने अगोदरच हवा ओढलेली असते. लाइट येते तेव्हा पंख्याभोवती पाण्याऐवजी हवा असते. हा पंखा पाणी गरगरवून फेकण्यासाठी बनवलेला असतो, हवेला तो दाब देऊ शकत नाही. डोक्यावर मात्र मीटरभर पाणी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅमचा भार. पातं उघडत नाही, हवा जात नाही, पंप कोरडा फिरत राहतो. या पंपाचा दांडा पाण्यानेच थंड राहतो, त्यामुळे असा तासभर कोरडा फिरला तर दांडा आणि बुशिंग झिजतात. मित्राचे आधीचे पंप अशानेच गेले असणार.

व्हॉल्व्ह ठेवायचाच असेल तर उपाय सोपा आहे. व्हॉल्व्हच्या लगेच खाली, पंप आणि व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, तोंड खाली सम्पकडे. अडकलेली हवा तिथून निघून जाते आणि पंपात पाणी आपोआप भरतं. पंप चालू असताना त्या भोकातून बारीक धार उडते, ती सम्पमध्येच पडेल एवढं बघायचं.

पण माझं मत, व्हॉल्व्ह काढूनच टाका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने नळाच्या जाळीवर, गीझरमध्ये पांढरा थर बसतो, तोच थर व्हॉल्व्हच्या पात्यावर बसतो. एखादी गोगलगाय, एखादं पान, वाळूचा कण पात्यात अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. म्हणजे ज्या दिवशी तो लागणार, त्याच दिवशी तो दगा देणार, आणि तुम्ही त्याच्या भरवशावर सम्प काठोकाठ भरून ठेवलेला असणार. मित्राकडे आम्ही व्हॉल्व्ह काढला आणि पाणी उलटं येऊ दिलं. फक्त किती यायचं ते ठरवलं.

किती पाणी खाली येईल, हे मोजता येतं

पाणी आठवड्यातून एक-दोनदाच येतं त्या गल्लीत प्रत्येकाला ड्रममधून नळीने पाणी काढता येतं. एकदा धार सुरू झाली की नळीचं वरचं टोक उघडं पडेपर्यंत ती थांबत नाही. लाइट गेल्यावर टाकीच्या रिटर्न पाइपात अगदी हेच होतं. पाइपाचं तोंड पाण्याखाली जेवढं खोल, तेवढं पाणी सम्पमध्ये उतरणार.

मित्राच्या टाकीचा हिशेब सांगतो. टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण ५.४ लिटर पाणी खाली येतं. रिटर्नचं तोंड पाण्याखाली ५ सेंटिमीटर होतं, म्हणजे २७ लिटर. त्यात पाइपातलं आणि ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं दोन-तीन लिटर धरा, झाले ३० च्या आसपास. सम्प ७५ बाय ३५, उंची ४०, आणि पंप चालू असताना त्यात ३० सेंटिमीटर पाणी. वर मोकळी जागा १० सेंटिमीटर, म्हणजे २६ लिटर. तीस लिटर पाणी सव्वीस लिटरच्या जागेत मावणार कसं? फरशीवर चार लिटर येणारच होतं. यात प्लंबरचा दोष नाही आणि पंपाचाही नाही.

आम्ही तोंड वर घेऊन पाण्याखाली २ सेंटिमीटरवर आणलं. आता उतरणारं पाणी ११ लिटर अधिक पाइपातलं, असं १४ च्या आत. सम्पमधली चालू पातळी ३० वरून २५ वर आणली, म्हणजे मोकळी जागा ३९ लिटर. शिवाय टाकीच्या आत रिटर्न पाइपाला, पाण्याच्या पातळीच्या एक सेंटिमीटर खाली, ५ मिलिमीटरची दोन भोकं पाडली. पातळी भोकापर्यंत उतरली की तिथून पाइपात हवा शिरते आणि उलटी धार तुटते. भोकाचं तोंड टाकीच्या आतल्या बाजूला आणि खाली ठेवा, नाहीतर धार झाकणावर आणि लाइटवर उडेल.

मात्र या भोकांवरच भिस्त ठेवू नका. शेवाळ आणि क्षाराने ती बुजतात. काच पुसायला बसाल तेव्हा टूथपिक फिरवून घ्या. आणि हिशेब असाच ठेवा की भोकं बुजली तरी सम्प सांडणार नाही, पाइपाचं तोंडच जास्त खोल नको.

यानंतर स्वतः प्लग काढून परीक्षा घ्यायची. पाणी पूर्ण उतरून थांबेपर्यंत थांबा आणि सम्पच्या काचेवर त्या पातळीला मार्करने रेघ मारा. पुन्हा चालू करा, पातळी स्थिर झाली की दुसरी रेघ मारा. पुढे कुणीही पाणी भरलं तरी खालच्या रेघेच्या वर भरायचं नाही, एवढंच घरात सांगून ठेवलं की पुरतं. लाइट जायची वाट बघत बसू नका, प्लग काढून-लावून लागोपाठ काही वेळा बघा. पंप प्रत्येक वेळी आपला आपण उचलला पाहिजे, एकदाही हलवावा लागता कामा नये.

एक उलटी परीक्षाही आहे, ती लोक करत नाहीत. ओव्हरफ्लोच्या तोंडावर पान किंवा मेलेला मासा अडकला आणि पंप चालूच राहिला तर? पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाईल. तेवढं पाणी वरच्या टाकीच्या काठात मावलं पाहिजे. मित्राच्या सम्पमध्ये पंपाचा कप्पा २५ बाय ३५ आहे. २० सेंटिमीटर पाणी उपसलं गेलं तरी साडेसतरा लिटर होतं, आणि टाकीचा काठ पाण्यापासून ४ सेंटिमीटर वर आहे, म्हणजे साडेएकवीस लिटरची जागा. मावतं. तोंडावर जाळी बसवा, पण फार बारीक नको, ती स्वतःच तुंबते.

उन्हाळ्यातली पातळी

सम्प असलेल्या टाकीत बाष्पीभवन वरच्या पृष्ठभागावरून होतं, पण पातळी घटलेली दिसते ती फक्त पंपाच्या कप्प्यात. वर पंखा, बाहेर कोरडी हवा, एप्रिल-मे महिन्यात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडून जातं. २५ बाय ३५ च्या कप्प्यात तीन लिटर म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. चार दिवस लक्ष दिलं नाही की पंप हवा ओढायला लागतो, टाकीत दुधासारखे बारीक बुडबुडे येतात, आणि मग लाइट गेली की हवा अडकलीच म्हणून समजा. त्या दुधाळ बुडबुड्यांना पाणी खराब झालंय समजून औषध घालणारे मी पाहिलेत. आधी सम्पची पातळी बघा.

भरायचं पाणी कुठलं, याने पंपाचं आयुष्य ठरतं. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, क्षार टाकीतच राहतात. वरून रोज बोअरचं पाणी घालत गेलात तर क्षार वाढतच जातात आणि शेवटी इम्पेलरवर बसतात. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या गोड पाण्याने करा. आरओच्या बाहेर सोडलेल्या पाण्याने मात्र कधीच नाही. ते वाया जातं म्हणून टाकीत घालण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे, पण क्षार त्यातच सगळ्यात जास्त असतात. उजनीचं नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवायचं औषध टाकूनच वापरा.

पंखा साफ करणं

बादलीच्या तपासणीत नुसती घरघर ऐकू आली तर इम्पेलर काढा. तो म्हणजे एक गोल चुंबक, त्याला पाती, आणि मधून चिनी मातीचा बारीक दांडा. चुंबकावर आणि तो ज्या खोबणीत बसतो तिथे हात फिरवून बघा. खरखरीत लागलं तर क्षाराचा थर आहे. असा पंप चालू असेपर्यंत चालतो, पण एकदा थांबला की थर घट्ट धरतो आणि लाइट आल्यावर त्याला पहिला हिसका बसत नाही. दिसायला लक्षण हवा अडकल्यासारखंच, म्हणून तर बादलीची तपासणी आधी सांगितली.

किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवून सुटे भाग त्यात तासभर ठेवा. थर फेसाळून सुटतो. जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्यात खळखळून धुवा. बाथरूमचं अ‍ॅसिड वापरू नका, त्याचे अंश रबरात राहिले तर मासे मरतील. दांडा तुटलेला दिसला तर नवा इम्पेलर दांड्यासकट मिळतो, अख्खा पंप बदलायची गरज नसते. पंप घेतानाच त्याचा सुटा इम्पेलर त्या दुकानात मिळतो का, हे विचारून घ्या. मिळत नसेल तर दुसरा पंप बघा.

पंप कमी पडतोय का

खोक्यावर ताशी लिटरचा जो आकडा असतो तो पाणी शून्य उंचीवर चढवतानाचा. दुसरा आकडा कमाल उंचीचा असतो, त्या उंचीला पाणी पोचतं पण वाहत नाही. कमाल उंची दोन मीटर असलेला पंप सव्वा मीटरवर पाणी चढवताना खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मंसुद्धा देत नाही. चालू टाकीला तेवढं पुरल्यासारखं वाटतं, पण पाइपात हवा शिरली की ती ढकलून काढायला जोर शिल्लक राहत नाही. तुमची उंची सव्वा मीटर असेल तर कमाल उंची अडीच-तीन मीटर असलेला पंप घ्या. टाकीचं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरेल एवढा प्रवाह वर पोचल्यावर मिळाला पाहिजे, खोक्यावर नव्हे. जास्त झाला तर कमी करायला बॉल व्हॉल्व्ह लावा, तो नेहमी पंपाच्या पुढच्या बाजूला. पंप जिथून पाणी ओढतो तिथे काहीही अडथळा नको.

पंपाचं तोंड पाऊण इंची असताना अर्धा इंची पाइप जोडू नका. पाऊण इंचीचं छिद्र अर्धा इंचीच्या दुपटीपेक्षा मोठं असतं, रेड्युसर लावलात की तेवढा प्रवाह तिथेच गेला. काटकोनी एल्बो जितके कमी तितकं बरं, शक्य तिथे ४५ अंशाचे दोन लावा किंवा लवचिक होज वापरा. होज वापरताना स्टँडच्या मागे तिचा वर गेलेला आणि पुन्हा खाली आलेला वळसा राहू देऊ नका. त्या कमानीत हवा साठते. पाइप पंपापासून टाकीपर्यंत सतत चढत गेला पाहिजे.

कॅनिस्टर आणि इन्व्हर्टर

कॅनिस्टरला सम्प नसतो, त्यामुळे पाणी सांडायची भीती कमी, पण हवा तिथेही डोक्यात अडकते. डबा काठोकाठ भरूनच झाकण लावा, नळ्या ताठ ठेवा, पंप चालू केल्यावर डबा दोन्ही बाजूंना जरा कलता करा. लाइट बराच वेळ, पाच-सहा तास गेली असेल तर मात्र चालू करण्याची घाई नको. बंद डब्यातला ऑक्सिजन संपून आतले उपयोगी जिवाणू मरायला लागतात आणि ते सडकं पाणी एकदम टाकीत आलं तर माशांना त्रास होतो. डब्याला कुबट वास येत असेल तर आतलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या, मग जोडा.

घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर चुंबकी पंप मोठ्याने गुणगुणतो आणि तापतो. तसा इन्व्हर्टर असेल तर मोठा पंप त्यावर टाकू नका. त्याऐवजी चार्जिंगचा हवेचा पंप मिळतो, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा, तो एक एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) जोडून टाकीला लावून ठेवा. तो नेहमी पाण्याच्या पातळीच्या वरच टांगा. खाली ठेवला आणि त्याची बॅटरी संपली, तर हवेच्या नळीतून टाकीचं पाणी त्याच्यात उतरतं.